अकरावीला ‘फिल्म’ हा विषय: नेमका अभ्यास काय, गुण कुठे जातात?

अनघा_वारजे
मुलगी दहावीनंतर आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाला जाणार आहे. शाळेने सहाव्या विषयासाठी जे पर्याय दिलेत त्यांत ‘फिल्म’ आहे आणि तिचं मन तिथेच अडकलंय. शाळेच्या माहितीपत्रकात ‘सर्जनशीलता’, ‘जागतिक दृष्टिकोन’ असे शब्द भरपूर आहेत, पण मुलांनी दोन वर्षं बसून करायचं काय, हे त्यातून कळत नाही. लेखी परीक्षा असते का? कॅमेरा विकत घ्यावा लागतो का? स्टँडर्ड लेव्हल घ्यावी की हायर? आणि हा विषय घेतल्याने पुढचे कुठले रस्ते बंद होतात का? जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

जुनी_रीळ
अनघाताई, पहिली गोष्ट म्हणजे या विषयाला तीन तास वर्गात बसून देण्याची लेखी परीक्षा नाही. सगळं मूल्यमापन दोन वर्षांत तयार केलेल्या कामावर होतं. त्यामुळे पालकांना वाटतं की विषय हलका आहे. प्रत्यक्षात लिखाण बरंच असतं आणि मुदती एकमेकींवर चढतात.

२०१९ च्या परीक्षांपासून जो आराखडा लागू झाला त्यात चार भाग आहेत. पहिला भाग एका चित्रपटातल्या जास्तीत जास्त पाच मिनिटांच्या तुकड्याचं विश्लेषण, मर्यादा १७५० शब्द. दुसरा दोन चित्रपटांचा तुलनात्मक अभ्यास, तोही निबंध म्हणून नाही तर १० मिनिटांचा ध्वनिचित्रमुद्रित निबंध म्हणून. तिसरा पोर्टफोलिओ: तीन वेगवेगळ्या भूमिका निवडायच्या (दिग्दर्शन, पटकथा, छायालेखन, संकलन, ध्वनी वगैरे) आणि प्रत्येक भूमिकेसाठी तीन पानं लेखी व तीन मिनिटं चित्रित काम द्यायचं. म्हणजे एकूण ९ पानं, ९ मिनिटं, आणि त्यातली एक तरी फिल्म पूर्ण झालेली हवी. चौथा भाग फक्त हायर लेव्हलला. गटाने मिळून ७ मिनिटांपर्यंतची फिल्म करायची आणि प्रत्येकाने स्वतःच्या भूमिकेवर २००० शब्दांपर्यंतचा अहवाल लिहायचा.

वजन असं: स्टँडर्डला विश्लेषण ३०, तुलना ३०, पोर्टफोलिओ ४० टक्के. हायरला अनुक्रमे २०, २०, २५ आणि गटाची फिल्म ३५ टक्के. अध्यापनाचे तास स्टँडर्डला १५०, हायरला २४०.

आराखडा अधूनमधून बदलतो. त्यामुळे शाळेकडून तिच्या परीक्षा-सत्राची मार्गदर्शिका मागून घ्या. मोठ्या भावंडांच्या जुन्या प्रतीवर विसंबू नका.

गणिताच्या_बाई
रस्ते बंद होण्याबद्दल सरळ सांगते, कारण याच बाबतीत शाळा मोघम बोलतात.

डिप्लोमात सहा गट असतात: पहिली भाषा, दुसरी भाषा, समाजशास्त्रं, विज्ञान, गणित, आणि सहावा कला. कलेच्या जागी मुलं दुसरं विज्ञान घेऊ शकतात. भारतात इंजिनीअरिंगला जाणारी मुलं नेमकं तेच करतात: चौथ्या गटात फिजिक्स, सहाव्याच्या जागी केमिस्ट्री. सहाव्या जागी फिल्म बसली की नेहमीच्या रचनेत फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही एकत्र येत नाहीत. मेडिकलचंही तसंच. म्हणजे आज फिल्म घेणं हा जेईई-नीटचा पर्याय जवळपास सोडून देण्याचा निर्णय आहे. कायदा, अर्थशास्त्र, डिझाइन, वाङ्मय, पत्रकारिता यांपैकी कुठे जायचं असेल तर काही अडत नाही.

आणि ‘पुढे एफटीआयआयला जायला बरं’ या हिशेबाने कुणी घेत असेल तर तेही तपासा. पुण्याच्या संस्थेतले दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी हे पदव्युत्तर अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. बारावीच्या गुणपत्रिकेवर ‘फिल्म’ दिसल्याने तिथे वेगळी रांग लागत नाही.

अनघा_वारजे
धन्यवाद बाई. ती इंजिनीअरिंगला जाणार नाही हे ठरलंय. रीळभाऊ, पाच मिनिटांच्या तुकड्यावर १७५० शब्द? तेवढं लिहिण्यासारखं असतं तरी काय त्यात?

जुनी_रीळ
पुरून उरतं. शेवटी मुलं शब्द कापत बसतात.

आधी नियम. आयबी त्या सत्रासाठी चित्रपटांची यादी जाहीर करतं, त्यातला एक निवडायचा. तुकडा सलग हवा. इथूनतिथून निवडलेले प्रसंग जोडायचे नाहीत. आणि हा चित्रपट दुसऱ्या कुठल्याही भागात पुन्हा वापरायचा नाही, एक्स्टेंडेड एसेमध्येही (डिप्लोमातला मोठा संशोधन-निबंध) नाही.

कामाची पद्धत. आधी पूर्ण चित्रपट एकदा न थांबता पाहायचा. मग तुकडा आवाज बंद करून पाहायचा, नंतर पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकायचा. या दोन पायऱ्या बहुतेक मुलं गाळतात आणि मग ध्वनीबद्दल त्यांच्या निबंधात एकच वाक्य येतं: ‘पार्श्वसंगीतामुळे तणाव वाढतो’.

त्यानंतर शॉटची यादी. वहीत किंवा एक्सेलमध्ये आठ रकाने: क्रमांक, टाइमकोड (कितव्या मिनिट-सेकंदाला), शॉटची लांबी सेकंदांत, आकार (लाँग, मिड, क्लोज), कोन आणि हालचाल, प्रकाश व रंग, आवाज, आणि पुढच्या शॉटला जोड कशी (कट, एक चित्र विरघळून दुसरं येणं म्हणजे डिझॉल्व्ह, आवाज आधी येतो का). ३०० सेकंदांत ६० शॉट असतील तर सरासरी लांबी ५ सेकंद. ही सरासरी स्वतःहून काही सांगत नाही. पण सरासरी ५ असताना मध्येच एक शॉट २८ सेकंद टिकत असेल, तर दिग्दर्शकाने तिथे हात का आवरला, हा तुमचा परिच्छेद. सरासरीपासून ढळलेले शॉट शोधायचे, निबंध तिथूनच निघतो.

शब्दांची वाटणी साधारण अशी ठेवावी: ३५० शब्द संदर्भाला (चित्रपट कुठल्या काळात, कुठल्या परिस्थितीत, कुठल्या परंपरेत बनला), १००० शब्द तुकड्यातल्या घटकांना, ४०० शब्द तुकड्याचा बाकी चित्रपटाशी आणि घटकांचा आपापसात काय संबंध आहे याला. गुण सर्वांत जास्त जातात ते या शेवटच्या भागात, कारण तिथपर्यंत पोचेस्तोवर शब्द संपलेले असतात. १७५० च्या पुढचं परीक्षक वाचत नाही.

फलाट_शून्य
संदर्भाबद्दल एक पुरवणी. दिग्दर्शकाचं जन्मगाव, शिक्षण, पुरस्कार असला विकिपीडियाछाप मजकूर म्हणजे संदर्भ नव्हे. चित्रपटातल्या एखाद्या निवडीचं कारण ज्या माहितीतून कळतं तेवढीच माहिती घ्यायची. युद्धानंतर इटलीत रस्त्यावर शूटिंग झालं, बिनव्यावसायिक नट घेतले, हे तुमच्या तुकड्यातल्या चेहऱ्यांशी आणि रस्त्यांशी जोडता आलं तर लिहा. जोडता येत नसेल तर ते ४० शब्द वाचवा.

मुक्ता_को
इंग्रजीत लिहायचं असलं तरी सराव मराठी चित्रपटावर करता येईल ना? घरात सगळ्यांना बोलता येईल.

जुनी_रीळ
जरूर करावा. भाषेचा अडसर नसला की डोळा आणि कान मोकळे राहतात.

सरावाला ‘फँड्री’तला (२०१३) एक प्रसंग फार उपयोगी आहे. नायक असलेल्या शाळकरी पोराची आणि त्याच्या घरच्यांची डुकराला पकडायची धावपळ चालू असताना शेजारच्या शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. मुलं साधारण असं लिहितात: ‘या प्रसंगातून दिग्दर्शकाने जातिव्यवस्थेचं भीषण वास्तव दाखवलं आहे.’ वाक्य खोटं नाही, पण त्याला गुणही नाही, कारण ते चित्रपट न पाहताही लिहिता येतं.

आता घटकांवरून लिहा. राष्ट्रगीत हे पार्श्वसंगीत नाही. ते कथेच्या जगातूनच येतं, त्याला स्थळ आहे: शाळा. इंग्रजीत लिहिताना याला ‘डायजेटिक’ म्हणायचं. तो आवाज पात्रांनाही ऐकू येतो म्हणून ती थांबतात. आधीची धावपळ, हलती शरीरं, आरडाओरडा. मग एकाच आवाजाच्या हुकमावर सगळी स्थिर. ज्या शाळेत पोराला बसायचं आहे तिचा आवाज कुंपण ओलांडून येतो आणि त्याला त्याच्या कामात गोठवतो. चित्रपटाचा शेवट आठवा: दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. एका ठिकाणी आवाजाने थांबलेलं शरीर, दुसऱ्या ठिकाणी प्रेक्षकावर उगारलेला हात. असा संबंध दाखवला की शेवटचे ४०० शब्द कशासाठी राखायचे ते कळतं.

फलाट_शून्य
उलट प्रकारच्या सरावासाठी ‘कोर्ट’ (२०१४) घ्या. कॅमेरा बहुतेक स्थिर, माणसं लांब, आणि महत्त्वाचं बोलणं संपल्यावरही शॉट चालूच राहतो. ‘इथे काहीच घडत नाही’ असं मुलं म्हणतात. मग त्यांना सांगायचं: शॉट सुरू झाल्यापासून पहिलं महत्त्वाचं वाक्य येईपर्यंत किती सेकंद, आणि शेवटच्या वाक्यानंतर कट येईपर्यंत किती, मोजा. न्यायालयाची खोली रिकामी होऊन दिवे मालवले जातात, आपल्याला वाटतं चित्रपट संपला, आणि तो न्यायाधीशांच्या सुट्टीकडे जातो. हा कट तिथे का, यावर वर्गात तासभर वाद होतो. व्हायलाच हवा.

आवाज_कुणाचा
विश्लेषणाचं चाललंय ते उत्तम, पण निर्मितीच्या भागात मुलांच्या फिल्म पडतात त्या आवाजावर. चित्र थोडं हललेलं प्रेक्षक सहन करतो, न कळणारा संवाद करत नाही. म्हणून अनघाताई, पहिला खर्च कॅमेऱ्यावर नको, माइकवर करा. घरात बरा फोन असेल तर चित्रासाठी तो पुरतो.

काय करायचं ते लिहितो. कॉलर माइक हनुवटीच्या खाली साधारण वीतभर, सिंथेटिक कपड्याला घासणार नाही असा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झला, पातळी अशी की मोठ्यात मोठं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट होत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद (आणि शूटिंगनंतर तो आठवणीने चालू), सगळे फोन फ्लाइट मोडवर. खिडकीतून रिक्षा ऐकू येत असेल तर सकाळी सहा ते आठ शूट करा. जाड चादरी किंवा गाद्या कॅमेऱ्यामागच्या भिंतीला टेकवल्या तर खोलीची घुमघुम बरीच कमी होते.

प्रत्येक जागेवर सगळ्यांना गप्प बसवून तीस सेकंद ते एक मिनिट नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा. याला रूम टोन म्हणतात. संकलनात दोन संवादांमध्ये जिथे तुकडा कापलेला असतो तिथे हा भरावा लागतो, नाहीतर तिथे आवाज खड्ड्यात पडल्यासारखा होतो. मुलं हा कंटाळ्याने टाळतात आणि नंतर यूट्यूबवर ‘रूम नॉइज’ शोधत बसतात. दुसऱ्या खोलीचा टोन या खोलीला लागत नाही.

आवाज वेगळ्या यंत्रावर घेत असाल तर प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी. जुळवणी तिच्यावरून होते.

पन्नास_हर्ट्झ
फोनवरच्या चित्रात नेहमी येणारे दोन रोग आणि त्यांची कारणं.

एक, ट्यूबलाइटखाली चित्रावर सरकणारे पट्टे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे अशा दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. फोन मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर आणि शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) स्वतःच्या मर्जीने ठेवतो. १/६० शटरमध्ये प्रत्येक फ्रेमला उजेडाची सारखी मात्रा मिळत नाही, म्हणून पट्टे. उपाय: २५ फ्रेम आणि शटर १/५०, फार उजेड असेल तर १/१००. यासाठी हाताने सेटिंग करू देणारं अ‍ॅप लागतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर कुलूपबंद ठेवा, नाहीतर पात्र खिडकीजवळून गेलं की सगळी खोली काळीनिळी होते. स्वस्त एलईडी दिव्यांचं लुकलुकणं मात्र कधीकधी कुठल्याच शटरला जुमानत नाही. तो दिवा बदलायचा.

उन्हात १/५० ठेवलं तर चित्र पांढरंफटक होतं, कारण फोनच्या भिंगाचं छिद्र सहसा लहानमोठं करता येत नाही. त्यावर एनडी फिल्टर (भिंगावर लावायची, उजेड कमी करणारी काळसर काच), किंवा सावली, किंवा सकाळ-संध्याकाळ.

दोन, संकलनात ओठ आणि शब्द हळूहळू सुटत जाणं. फोन कमी उजेडात गुपचूप फ्रेम गाळतो, म्हणजे फ्रेमरेट बदलता राहतो. आवाज मात्र एकाच गतीने चालतो. चार मिनिटांच्या टेकच्या शेवटी फरक उघड दिसतो. संकलनाला घेण्याआधीच हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ फाइल रूपांतरित करणारं सॉफ्टवेअर) ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ २५ करून फाइल नवी करायची. निम्मं संकलन झाल्यावर हे केलंत तर सगळे कट पुन्हा जुळवावे लागतील.

संकलनाला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती शाळेच्या कामाला पुरून उरते. फक्त जुन्या लॅपटॉपवर ती रडते.

अनघा_वारजे
हे सोन्यासारखं आहे. तुलनात्मक अभ्यासाचं कुणी सांगेल का? मुलीच्या डोक्यात ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि ‘दो बिघा जमीन’ आहे.

फलाट_शून्य
नियमात बसतं. अट अशी की एक चित्रपट विद्यार्थ्याच्या स्वतःच्या संदर्भापेक्षा काळाने किंवा देशाने वेगळा हवा आणि दुसरा सांस्कृतिकदृष्ट्या पहिल्यापेक्षा वेगळा. पण ही जोडी घेऊ नये असं माझं मत. १९५२ चा मुंबईतला महोत्सव, तिथे इटालियन चित्रपट, त्यातून बिमल रॉय, मग त्यांचा १९५३ चा ‘दो बिघा जमीन’, ही वाट इतकी मळलेली आहे की दहा मिनिटं ‘प्रभाव पडला’ एवढंच सिद्ध करण्यात जातात. साम्यांची यादी होते, युक्तिवाद होत नाही.

जुनी_रीळ
थोडा असहमत. जोडी वाईट नाही, प्रश्न वाईट असतो. ‘दोन्हींत गरिबी कशी दाखवली आहे’ हा प्रश्न मेलेला आहे. ‘बिमल रॉय गाणी घालतात तेव्हा नववास्तववादाचं (म्हणजे युद्धानंतरच्या इटलीतल्या त्या रस्त्यावरच्या शैलीचं) काय होतं’ हा जिवंत आहे, कारण इटालियन बाजूला त्याला जोड नाही. तिथे मुलीला स्वतःचं काही म्हणावंच लागेल.

तरी दुसरं उदाहरण देतो. ओझूंचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) आणि ‘कोर्ट’. दोन्हींत कॅमेरा जवळजवळ हलत नाही. पण ओझू कॅमेरा जमिनीलगत खाली ठेवतात आणि संवादात माणसांना जवळून, जवळपास समोरून दाखवतात. ‘कोर्ट’ लांबच राहतो. एकाच स्थिरतेतून एकीकडे कुटुंबाशी सलगी, दुसरीकडे संस्थेची बेफिकिरी. एका तंत्रापासून सुरुवात, दोन वेगळे परिणाम, कारणं संदर्भात. सांगाडा असा हवा.

मोजमाप: सावकाश इंग्रजी निवेदन मिनिटाला १३० शब्दांच्या आसपास जातं. दहा मिनिटांना १३०० होतात, पण चित्रपटातले तुकडे त्यांच्या आवाजासह दाखवायला दीड मिनिट तरी ठेवा, म्हणजे संहिता ११०० शब्दांची. मुलं १६०० शब्द लिहितात आणि मग धाडधाड वाचतात. निवेदन ज्या क्षणी ‘डावीकडची सावली’ म्हणतं त्या क्षणी पडद्यावर तीच फ्रेम हवी, शक्यतो थांबवलेली. दोन्ही चित्रपट शेजारी शेजारी दाखवायचे तर एकाचाच आवाज ठेवा. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं, पुढचं पाहिलं जात नाही. वापरलेल्या प्रत्येक तुकड्याचा आणि अवतरणाचा स्रोत तिथेच पडद्यावर यायला हवा.

आणि वेळ निम्मी-निम्मी वाटा. पहिला चित्रपट सहा मिनिटं, दुसरा अडीच, शेवटी घाईत तुलना, हा नेहमीचा घात आहे. शक्यतो मुद्द्यागणिक दोन्हींना आलटूनपालटून घ्या.

टेम्सकाठी
इंग्लंड-वेल्समधल्या मराठी पालकांसाठी थोडं, कारण इथला विषय नावाने सारखा, स्वभावाने वेगळा. इथे ए-लेव्हलला (आपल्या अकरावी-बारावीसारखी पातळी) ‘फिल्म स्टडीज’ असतो. एड्युकास या परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात दोन लेखी पेपर, प्रत्येकी अडीच तास आणि ३५ टक्के. उरलेले ३० टक्के निर्मितीला. एकूण अकरा पूर्ण लांबीचे चित्रपट खोलात करायचे असतात: १९३० ते १९९० मधल्या हॉलिवूडची तुलना, नंतरचे अमेरिकी आणि ब्रिटिश चित्रपट, जागतिक चित्रपट, माहितीपट, मूकपट आणि १९६० ते २००० मधला प्रायोगिक सिनेमा.

निर्मितीत चार ते पाच मिनिटांची फिल्म, किंवा १६०० ते १८०० शब्दांची पटकथा आणि तिच्यातल्या महत्त्वाच्या भागाचा छायाचित्रांतून केलेला स्टोरीबोर्ड. दोन्हींसोबत १६०० ते १८०० शब्दांचं विश्लेषण. ज्यांना माणसं गोळा करणं जमत नाही त्यांनी पटकथेचा पर्याय कमी समजू नये.

मोठा फरक हा की इथे परीक्षेत चित्रपट समोर नसतो. प्रसंग, शॉट, आवाज सगळं स्मरणातून लिहायचं. म्हणून प्रत्येक चित्रपटातले तीन-चार प्रसंग शॉटच्या क्रमासकट पाठ लागतात. जीसीएसईला (आपल्या दहावीसारखी परीक्षा) ‘मीडिया स्टडीज’ होता म्हणून हे सोपं जाईल असं धरून चालू नका. तिथे जाहिराती, वृत्तपत्रं, उद्योग यांवर भर असतो, फ्रेमवर कमी.

मुक्ता_को
सीबीएसईवाल्यांना काही?

गणिताच्या_बाई
अकरावी-बारावीला ‘मास मीडिया स्टडीज’ आहे, कौशल्य विषयांमध्ये, कोड ८३५. लेखी ६०, प्रात्यक्षिक ४०. नववी-दहावीला ‘मीडिया’, कोड ४१६, तिथे ५०-५०. चित्रपट हा त्यातला एक हिस्सा. वृत्तपत्रं, रेडिओ, दूरचित्रवाणीही असतात. प्रत्येक शाळा तो देत नाही, प्रवेशाआधी विचारा.

जुनी_रीळ
आता स्टँडर्ड की हायर. गटाची फिल्म हा हायरचा ३५ टक्के आहे, त्यामुळे प्रश्न मुलीइतकाच तिच्या वर्गाचा आहे. गट जास्तीत जास्त चौघांचा, प्रत्येकाची भूमिका वेगळी, गुणही वेगवेगळे. वर्गात हायरला दोनच मुलं असतील तर त्यांना अर्धी कामं मूल्यमापनाबाहेरच्या मदतीने करावी लागतात. शाळेला थेट विचारा: मागच्या दोन तुकड्यांत हायरला किती मुलं होती, संकलनाचे संगणक किती, सुट्टीत ते वापरायला मिळतात का.

सात मिनिटांच्या फिल्मला पटकथा पाच-सहा पानांचीच हवी. नीट मांडणी केलेलं एक पान पडद्यावर साधारण मिनिटभर चालतं, आणि नवखा दिग्दर्शक ते सव्वा मिनिट करतो. पात्रं दोन, फार तर तीन. जागा दोन. रात्रीचे प्रसंग नकोत. रेल्वे फलाटावरचं चित्रीकरण परवानगीशिवाय होत नाही, त्यामुळे प्रत्येक दुसऱ्या गटाला सुचणारी लोकलमधली गोष्ट कागदावरच बाद करा. सोसायटीच्या गच्चीसाठीसुद्धा सेक्रेटरींची लेखी परवानगी आधी घ्या, नाहीतर तिसऱ्या शॉटला वॉचमन येतो.

पोर्टफोलिओची पानं बहुतेक मुलं शेवटच्या महिन्यात आठवून आठवून लिहितात आणि ते दिसतं. छायालेखकाचे पुरावे म्हणजे प्रकाशाचा वरून काढलेला आराखडा, चाचणीच्या फ्रेम, ‘आधी असं, मग असं, कारण हे’ अशा टिपा. संकलकाचे म्हणजे पहिल्या आणि चौथ्या कटच्या टाइमलाइनची चित्रं आणि कुठला शॉट का काढला याची नोंद. सेटवर हसत उभ्या असलेल्या गटाचा फोटो हा कशाचाच पुरावा नाही, तरी तीन पानांतली अर्धी जागा तोच खातो.

आणि अहवालात ‘आम्हाला खूप अडचणी आल्या पण आम्ही त्यांवर मात केली’ हे वाक्य दिसलं की समजावं, पुढे काही नाही. हेतू काय होता, कुठल्या शॉटने तो साधला, कुठल्या शॉटने नाही, टाइमकोडसह.

आवाज_कुणाचा
संगीताबद्दल लिहायचं राहिलं. कॉपीराइट असलेलं संगीत चालत नाही, ‘फक्त वीस सेकंद’ ही पळवाट नाही. क्रिएटिव्ह कॉमन्समधलं (कर्त्याने अटींवर वापरू दिलेलं) घेत असाल तर परवान्याची अक्षरं वाचा. ज्यात ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ (रूपांतराला मनाई) आहे ते चित्रावर बसवता येत नाही, कारण चलचित्राशी जोडणं हेच रूपांतर धरलं जातं. बाकींना रचनेचं नाव, कर्ता, कुठून घेतलं आणि परवाना, हे श्रेयनामावलीत द्या.

आपल्याकडे हमखास होणारा गोंधळ: ‘तुकारामांचा अभंग आहे, त्याला कसला कॉपीराइट?’ शब्दांना नाही. पण प्रसिद्ध गायकाने गायलेल्या मुद्रणाला आणि संगीतकाराच्या चालीला असू शकतो. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो आणि चालीचा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अभंग हवाच असेल तर वर्गातल्या कुणी स्वतःच्या चालीत म्हणावा आणि तुम्ही तो रेकॉर्ड करावा. टाळ-मृदंग नसले तरी चालेल, कागद मात्र साफ राहतात.

अनघा_वारजे
शेवटचा प्रश्न. वर्ग सुरू व्हायला दोन-अडीच महिने आहेत. तोवर तिने काय करावं?

फलाट_शून्य
सिनेमे ‘उरकू’ नका. आठवड्याला एक चित्रपट पूर्ण, आणि त्यातल्या तीन मिनिटांची शॉटयादी. मूकपटांपासून सुरुवात केली तर बरं, संवाद नसल्याने नजर चित्रावर राहते. पुण्यात आहात तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात काही दाखवलं जातंय का यावर लक्ष ठेवा. मुंबईकरांसाठी प्रभात चित्र मंडळ आहे, त्यांचं ‘वास्तव रूपवाणी’ही वाचावं. मराठीत चित्रपटाच्या भाषेवर सातत्याने लिहिणारं फार कमी आहे.

जुनी_रीळ
फोनवर संवादाशिवाय एक मिनिटाची फिल्म करू द्या: कुणीतरी काहीतरी शोधतंय आणि सापडत नाही. दहा शॉट, सगळे ट्रायपॉडवर, झूम नाही. दोन पात्रं एकमेकांकडे पाहणार असतील तर कॅमेरा त्यांच्यामधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा, नाहीतर कट झाल्यावर दोघं एकाच दिशेला पाहताना दिसतात. एकाच माणसाचे दोन शॉट लागोपाठ जोडायचे तर कॅमेऱ्याची जागा किमान ३० अंशांनी बदला किंवा आकार ठळकपणे बदला, नाहीतर चित्र उडी मारतं. मग तीच फिल्म दहाऐवजी सहा शॉटमध्ये करायला सांगा.

पन्नास_हर्ट्झ
आणि एक टेराबाइटची हार्ड डिस्क आत्ताच घ्या, एक नाही, दोन. शाळेत मॅक आणि घरी विंडोज असेल तर दोन्ही एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट-३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही आणि फोरकेमधला थोडा लांब टेक तेवढा सहज होतो. दुसरी डिस्क शाळेच्या दप्तरात ठेवायची नाही.